निकालानंतरचे वाचन

फौजदारी न्यायालयाचे चित्र डोळ्यांपुढे आणावयास सांगितले, तर उच्चासनावर बसलेले न्यायाधीश, त्यांच्यासमोर बाजू मांडणारे सरकारी वकील व बचावाचे वकील, पिंजऱ्यातील आरोपी, साक्षीसाठी सकाळपासून ताटकळलेली माणसे आणि दाराशी उभा असलेला पट्टेवाला एवढी मंडळी कोणाच्याही मनात तत्काळ उभी राहतात. परंतु त्या न्यायाधीशांना आणि त्या दोन्ही वकिलांना त्यांच्या विशीत ज्याने खून आणि सदोष मनुष्यवध यांतील भेद प्रथम समजावून दिला, तो फौजदारी कायद्याचा प्राध्यापक या चित्रात कोठेच दिसत नाही. त्याच्या या अनुपस्थितीला कारणही आहे. पूर्ण वेळ वेतन घेऊन नोकरी करणाऱ्याने वकिली करू नये, असा आपल्याकडील वकील परिषदेचा सर्वसाधारण दंडक आहे. वकिली करणाऱ्याने दिवसाकाठी थोडा वेळ महाविद्यालयात जाऊन शिकवावे यास मुभा आहे, पण ज्याने अध्यापन हाच व्यवसाय पत्करला, त्याला पक्षकाराचा कैवार घेऊन न्यायालयात उभे राहता येत नाही. त्याच्या शब्दाने कोणाची सुटका होत नाही, कोणास शिक्षा होत नाही, आणि त्याने कितीही परिश्रमाने लिहिलेला लेख कोणत्याही न्यायाधीशावर बंधनकारक नसतो.

असे असूनही एक काम त्याच्यावाचून न्यायव्यवस्थेत दुसरे कोणी नियमाने करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अपील निकालात काढले की पक्षकार आपल्या गावी परततो, वकील पुढच्या मुकदम्याचे कागद उघडतो, न्यायाधीशांच्या मेजावर दुसरे प्रकरण येते आणि पहिल्याचे दप्तर बांधून ठेवले जाते. प्राध्यापकाचे वाचन मात्र तेथून सुरू होते. दाद मागण्याचे सर्व मार्ग संपल्यानंतर, छापील निकालसंग्रहातून, ते निकालपत्र त्याच्या हाती येते, आणि दिलेला निष्कर्ष कायद्याच्या शब्दांतून व शाबीत झालेल्या वस्तुस्थितीतून खरोखर निघतो काय, हा प्रश्न तो आपल्या विद्यार्थ्यांपुढे नव्याने मांडतो. या वाचनाचे सामर्थ्य केवढे असू शकते हे चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात घडलेल्या घटनेवर चार प्राध्यापकांनी लिहिलेल्या एका पत्राने दाखवून दिले. आणि त्या पत्रावर सही करणाऱ्या लोतिका सरकार यांची कारकीर्द हीच, माझ्या मते, या व्यवसायाची ओळख करून घेण्याची सर्वांत चांगली वाट आहे.

त्या वाटेने जाण्यापूर्वी हा विषय शिकविणारा वर्गात नेमके काय करतो, हे पाहिले पाहिजे. १८६० साली संमत झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंड संहिता, म्हणजे मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केलेल्या मसुद्याचे संस्कारित रूप, हा या विषयाचा मूलग्रंथ. तिच्यात ५११ कलमे होती, आणि तिचे एक वैशिष्ट्य असे की कलमांखाली दिलेली उदाहरणे कायद्याचाच भाग होती. झुडपामागे एक माणूस आहे हे ‘क’ला ठाऊक आहे, ‘ख’ला ठाऊक नाही, त्या माणसाचा मृत्यू घडावा या हेतूने ‘क’ हा ‘ख’ला झुडपावर बंदूक झाडण्यास प्रवृत्त करतो आणि गोळी लागून तो माणूस मरतो. बंदुकीचा चाप ‘ख’ने ओढला, तरी त्याचा काहीच अपराध नसेल; सदोष मनुष्यवध केला तो ‘क’ने. एवढ्याशा उदाहरणातून विद्यार्थ्याला कळून चुकते की गुन्हा हा हाताने घडणाऱ्या कृत्यात पुरता सामावलेला नसतो. त्या कृत्यामागचा उद्देश, ज्ञान आणि दुसऱ्याच्या मनात निर्माण केलेला समज या अदृश्य गोष्टींवरच दोष व निर्दोषत्व यांची सीमारेषा आखली जाते. फौजदारी कायद्याचे सारे अध्यापन या अदृश्य गोष्टींचे मोजमाप शिकविण्याचे अध्यापन आहे.

हे मोजमाप किती कठीण असते, याचे एक उदाहरण मुंबईच्या विमानतळावरचे आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये एक जर्मन प्रवासी ज्यूरिकहून मनिलास जाणाऱ्या विमानात ३४ किलो सोने अंगावरच्या जाकिटात दडवून बसला होता. विमान मुंबईस थांबले, तो खाली उतरलाही नाही. परंतु देशातून पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालाच्या यादीत नोंदविलेच पाहिजे असे फर्मान रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात काढले होते, आणि त्याची वार्ता त्या परदेशस्थाला असण्याचा संभव नव्हता. मॅजिस्ट्रेटने त्यास दोषी ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाने सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने पुन्हा दोषी ठरविले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र मनात अपराध नसताना शिक्षा कशी, या बाजूने भिन्न मत नोंदविले. साठ वर्षे लोटली, तरी कायद्याच्या वर्गात हा निकाल वाचताना विद्यार्थ्यांचे दोन पक्ष पडतात. कोणता पक्ष बरोबर, हे शिक्षकाने सांगून टाकू नये, अशी या विषयातील जुनी रीत आहे; बहुमताचा युक्तिवाद नीट समजल्यावाचून विरोधी मताकडे वळू नये आणि विरोधी मत समजल्यावाचून बहुमताला मान डोलवू नये, एवढी शिस्त मात्र तो लावतो.

आपल्याकडे ही शिस्त लावणारा पूर्ण वेळ अध्यापकवर्ग बराच उशिरा आला. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे आणि पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ पासूनचे. पण दीर्घकाळ कायदा शिकविला तो मुख्यतः वकिलांनी, न्यायालय उघडण्यापूर्वी सकाळी किंवा सुटल्यानंतर सायंकाळी. या परंपरेत फार मोठी माणसे होऊन गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले; पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड हे तेथेच काही वर्षे अंशकालीन प्राध्यापक होते. तरीही, दिवसभर न्यायालयात न्यायाधीशांना आपले म्हणणे पटविण्यात गुंतलेल्या माणसाने सायंकाळी त्याच न्यायाधीशांच्या निकालपत्राची कठोर चिकित्सा करावी, अशी अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे होते. त्या चिकित्सेसाठी वेगळ्या प्रकारचे आयुष्य लागते, आणि ते स्वतंत्र भारतात विद्यापीठांच्या विधिशाखांनी प्रथम उपलब्ध करून दिले.

लोतिका सरकार यांचे आयुष्य हे तसे आयुष्य होते. १९२३ साली बंगालमधील एका नामांकित कायदेपंडिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि तेथून कायद्याची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. १९५१ मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या, आणि दिल्ली विद्यापीठाच्या विधिशाखेत अध्यापन करणारी पहिली स्त्री म्हणून रुजू झाल्या. विषय निवडला तो फौजदारी कायद्याचा. खून, दरोडा, बलात्कार, व्यभिचार यांची कलमे उच्चारणेही ज्या काळी स्त्रीच्या मुखी अशोभनीय मानले गेले असते, त्या काळी, जवळजवळ सर्वस्वी पुरुष विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गापुढे उभे राहून ती कलमे शब्दाशब्दाने उलगडणे, याला केवढी मनाची स्थिरता लागली असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. १९८३ पर्यंत त्यांनी हे काम केले.

या अवधीत त्यांना वर्गाबाहेरची एक जबाबदारीही मिळाली. स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने १९७१ मध्ये जी समिती नेमली, तिच्या त्या सदस्य होत्या. फूलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य सचिव असलेल्या या समितीने १९७४ च्या अखेरीस जो अहवाल दिला, त्याने दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर आली आहे, या वस्तुस्थितीकडे देशाचे लक्ष वेधले. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा नकोत, असे समितीच्या बहुमताने ठरविले, तेव्हा लोतिका सरकार व वीणा मजुमदार यांनी आपली असहमतीची टिपणी जोडली. माझ्या मते ही टिपणी त्यांच्या शिक्षकी वृत्तीला साजेशीच होती; बहुमताचा आदर राखूनही आपले मत कारणांसह कागदावर उतरवून ठेवणे, हेच त्या वर्गात शिकवीत आल्या होत्या.

आता त्या प्रकरणाकडे वळतो. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीला तिच्या भावाने दिलेल्या फिर्यादीच्या संदर्भात जबानीसाठी आणण्यात आले. तिचे वय वैद्यकीय अंदाजाने चौदा ते सोळा वर्षांचे होते. रात्री साडेदहाच्या सुमारास जबान्या संपल्या, बाकीच्यांना बाहेर पाठविण्यात आले आणि तिला आत ठेवून घेण्यात आले. त्यानंतर ठाण्यात एका पोलिसाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने विनयभंग केला, असा आरोप होता. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी जून १९७४ मध्ये दोघांना सोडले. तिची संमती होती, असा त्यांचा निष्कर्ष. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर १९७६ मध्ये तो फिरविला: अनोळखी आणि अधिकारावर असलेल्या माणसांच्या ताब्यात सापडलेल्या मुलीने निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून एकास पाच वर्षांची व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून दोघांनाही निर्दोष ठरविले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरड केल्याची कथा विश्वसनीय नव्हती, आणि मृत्यूचे वा इजेचे भय घालून तिची संमती मिळविली हे शाबीत झाले नाही, ही त्या निकालाची कारणे होती.

निकाल १९७९ च्या निकालसंग्रहात छापला गेला. तो न्यायशास्त्राचे प्राध्यापक उपेंद्र बक्षी, फौजदारी प्रक्रियेवरील ज्यांचे पाठ्यपुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती आहे ते रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या दिल्लीच्या तिघांनी, तसेच दंड संहितेने व्यक्तीला दिलेल्या संरक्षणाचा इतिहास लिहिलेल्या पुणे विद्यापीठातील वसुधा धागमवार यांनी वाचला. आणि १६ सप्टेंबर १९७९ रोजी या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, ज्यांनी पूर्वायुष्यात स्वतः कायद्याचा वर्ग घेतला होता.

ज्याला फौजदारी कायद्याच्या अध्यापनाचे सार थोडक्यात पाहावयाचे असेल, त्याने या पत्रातील युक्तिवाद ध्यानपूर्वक पाहावा. दंड संहितेच्या ३७५व्या कलमात बलात्काराचे निरनिराळे प्रकार स्वतंत्रपणे सांगितलेले होते. स्त्रीच्या संमतीवाचून केलेला समागम हा एक प्रकार. मृत्यूचे वा इजेचे भय घालून मिळविलेल्या संमतीने केलेला समागम हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराची गरज तेव्हाच पडते, जेव्हा वरकरणी का होईना, संमती दिली गेलेली असते. न्यायालयाने भय शाबीत झाले नाही एवढ्यावर सारी भिस्त ठेवली. परंतु मुळात संमती होती काय, या आधीच्या आणि स्वतंत्र प्रश्नाचा विचार त्या मानाने झालाच नाही. संमतीत शरणागती अंतर्भूत असू शकेल, पण प्रत्येक शरणागतीत संमती असतेच असे नाही. आणि प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमतीचे अनुमान काढता येत नाही. हे विवेचन कोणत्याही नव्या तत्त्वज्ञानावर उभे नव्हते. १८६० च्या कलमांची जी रचना प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकविली जाते, तिच्याच आधारे चार शिक्षकांनी देशाच्या सर्वोच्च पीठाला सांगितले की आपण दोन कलमभागांची सरमिसळ केली आहे.

पत्र तेवढ्यावर थांबले नाही. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, दोन पोलिसांच्या ताब्यात असलेल्या किशोरवयीन मजूर मुलीने हाका मारून मदत मिळवावी, अशी अपेक्षा न्यायालय धरते काय, असा प्रश्न त्यांनी केला. नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात, या निकालाच्याच वर्षी, १९७८ च्या एप्रिलमध्ये, स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयानेच कडक शब्दांत नापसंती दर्शविली होती. नंदिनी सत्पथी या एका राज्याच्या माजी मुख्यमंत्री होत्या. त्यांच्या बाबतीत जी दक्षता न्यायालयाने दाखविली, ती देसाईगंजच्या मुलीच्या वाट्याला का आली नाही, हे विचारण्याचा हक्क पत्रलेखकांनी बजावला. भाषा व्यथित होती, क्वचित तीव्र होती, पण प्रत्येक वाक्य निकालपत्रातील एखाद्या विधानाशी बांधलेले होते. या पत्राचे श्रेष्ठत्व मला या बांधणीत दिसते. संतापाला पुराव्याची शिस्त लावणे हे या व्यवसायाचे दीर्घ शिक्षण असते, आणि त्या शिक्षणाचा उपयोग येथे झाला.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा उघडले नाही. या ठिकाणी इंग्लंडातील एका घटनेची आठवण होते. चोरीचा आहे असे समजून एका बाईने व्हिडिओ यंत्र विकत घेतले, पण ते चोरीचे होते हे शाबीत होऊ शकले नाही. तेव्हा अशक्य गुन्ह्याचा प्रयत्न हा गुन्हा नव्हे, असे हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ मध्ये ठरविले. फौजदारी कायद्याचे केंब्रिजमधील वयोवृद्ध प्राध्यापक ग्लॅनव्हिल विल्यम्स यांनी केंब्रिज लॉ जर्नलमध्ये त्या निकालावर अत्यंत कठोर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, मादक द्रव्य समजून निरुपद्रवी भुकटी बाळगणाऱ्या माणसाचे प्रकरण पुढे आले, तेव्हा त्याच न्यायपीठाने आपला वर्षभरापूर्वीचा निकाल चुकीचा होता असे मान्य करून तो मोडीत काढला. आणि त्या लेखाची भाषा सौम्य नसली, तरी त्यातील टीकेचे बळ ओळखणे प्राप्त आहे, अशी कबुलीही लॉर्ड ब्रिज यांनी निकालपत्रात दिली. प्राध्यापकाच्या लेखणीने न्यायपीठाला एका वर्षात मागे फिरविल्याचे असे उदाहरण विरळाच. आपल्याकडील चौघांच्या नशिबी ते भाग्य नव्हते, पण त्यांचे पत्र वेगळ्याच मार्गाने पुढे गेले.

तो मार्ग रस्त्यांवरचा होता. पत्र हातोहात फिरले, वृत्तपत्रांत आले. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, आणि त्या वर्षीच्या ८ मार्चला, महिला दिनी, प्रकरणाची फेरसुनावणी व्हावी म्हणून अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढले. निकालसंग्रहातील एका निकालासाठी सामान्य स्त्रियांनी रस्त्यावर यावे, हे या देशात पूर्वी घडले नव्हते. एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने आपल्या चौऱ्याऐंशीव्या अहवालात बलात्कारविषयक कायद्यात बदल सुचविले. संयुक्त समितीकडे विधेयक रखडत राहून अखेर १९८३ मध्ये फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम संमत झाला. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग वा रुग्णालयाचे अधिकारी यांनी आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा व गंभीर गुन्हा ठरला, त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा ठेवली गेली; अशा खटल्यात समागम शाबीत झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे नवे ११४-अ हे कलम पुराव्याच्या अधिनियमात आले. बंद दाराआड सुनावणीची तरतूद झाली, आणि पीडित स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. हा शेवटचा नियम अकरा वर्षे आधी असता, तर मथुरेचे नाव आज कोणालाही ठाऊक नसते.

परंतु पत्राच्या मुख्य मुद्द्याला कायद्याने लगेच हात घातला नाही. संमती म्हणजे स्वतंत्र व स्वेच्छेची संमती, असे शब्द घालावेत ही विधी आयोगाची सूचना १९८३ मध्ये स्वीकारली गेली नाही. ताब्यातील बलात्काराच्या बाहेर सारे पूर्ववत राहिले, आणि पुढील तीन दशके खालच्या न्यायालयांत अंगावरील जखमांचा शोध चालूच राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी, अहवाल दिला. ३ फेब्रुवारीला वटहुकूम निघाला, आणि त्याची जागा घेणाऱ्या अधिनियमात संमतीची व्याख्या प्रथमच आली. संमती ही निःसंदिग्ध व स्वेच्छेची असली पाहिजे, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, असे आता कायदाच सांगतो. १९७९ च्या पत्रात जे विवेचन होते, त्याला संहितेच्या मजकुरात स्थान मिळण्यास चौतीस वर्षे लागली. लोतिका सरकार २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाची नव्वद वर्षे पूर्ण झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत निवर्तल्या.

या चौघांपैकी कोणीही एका पत्रावर समाधान मानून बसले नाही. आग्र्याच्या संरक्षणगृहात स्त्रियांना ज्या अमानुष अवस्थेत ठेवले होते, तिच्याविषयी वृत्तपत्रात आलेला मजकूर वाचून बक्षी व लोतिका सरकार यांनी १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठविले. या वेळी न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि त्या गृहाच्या कारभारावर वर्षानुवर्षे देखरेख ठेवली. दिल्लीतील महिला विकास अध्ययन केंद्र १९८० मध्ये उभे राहिले, त्याच्या संस्थापकांत लोतिका सरकार होत्या. वसुधा धागमवार यांनी विद्यापीठाची चौकट सोडून १९८५ मध्ये ‘मार्ग’ ही संस्था काढली, आणि विस्थापितांना व आदिवासींना त्यांच्याविषयीचा कायदा त्यांना समजेल अशा रीतीने सांगण्याचे काम केले. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा भागातील आदिवासींचा आणि कायद्याचा संबंध हा त्यांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय होता. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांना त्यांचे नाव आज फारसे परिचित नसावे, याची मला खंत वाटते. दंड संहितेचा अभ्यास ग्रंथालयातून उचलून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत नेणारी अशी विदुषी महाराष्ट्राला पुन्हा केव्हा लाभेल, कोण जाणे.

आज या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या तरुणापुढची वाट वरवर पाहता ठरीव आहे: पदवी, फौजदारी कायद्यातील पदव्युत्तर शिक्षण, राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मग प्रबंध आणि सहायक प्राध्यापकाची जागा. वेतन वरिष्ठ वकिलाच्या मिळकतीच्या जवळपासही जात नाही, आणि अनेक महाविद्यालयांत तासांचा व उत्तरपत्रिकांचा भार एवढा असतो की निकालपत्र संथपणे वाचण्यास सवड सापडत नाही. ही सवड हाच या व्यवसायाचा प्राण असल्यामुळे, तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाला दोन-तीन महाविद्यालयांत धावाधाव करावयास लावणारी आजची पद्धत फौजदारी कायद्याच्या विद्येचे फार मोठे नुकसान करीत आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

त्यात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. ५११ कलमांच्या जागी ३५८ आली; खुनाच्या शिक्षेचे ३०२ वे कलम १०३ झाले, बलात्काराच्या व्याख्येचे ३७५ वे कलम ६३ झाले, आणि पुराव्यातील ११४-अ ची तरतूद नव्या साक्ष्य अधिनियमाच्या १२० व्या कलमात गेली. संमतीची २०१३ ची व्याख्या नव्या संहितेने जशीच्या तशी ठेवली, तसाच पतीला बलात्काराच्या कलमातून वगळणारा जुना अपवादही ठेवला, आणि त्या अपवादाच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. नव्या कायद्याच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू राहते, आणि तसे खटले अजून कित्येक वर्षे जिल्हा न्यायालयांत चालतील; म्हणून आजच्या अध्यापकाला एकाच तासाला दोन्ही संहिता शेजारी उघडून ठेवाव्या लागतात, १९७८ चा निकाल आणि १९७९ चे पत्र जुन्या क्रमांकांनी वाचून घ्यावे लागते, आणि त्यातील प्रत्येक मुद्दा नव्या क्रमांकाखाली कोठे गेला हे विद्यार्थ्यांकडून पुन्हा शोधवून घ्यावे लागते.